संतमस (बाह्यग्रह)

संतमस (शास्त्रीय नाव: एचडी ८६०८१ बी) हा षडंश तारकासमूहातील विभा (एचडी ८६०८१) या ताऱ्याभोवती फिरणारा एक महाकाय वायुग्रह आहे. पृथ्वीपासून त्याचे अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षे आहे. त्याचा शोध २००६ साली जाहीर झाला. गुरू ग्रहाच्या किमान दीडपट वस्तुमान असलेला हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवतीची एक फेरी अवघ्या २.१४ दिवसांत पूर्ण करतो. ताऱ्याच्या अतिशय जवळून फिरणाऱ्या अशा वायुग्रहांना 'तप्त गुरू' म्हणतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने डिसेंबर २०१९ मध्ये भारताच्या वतीने सुचवलेली 'बिभा' (विभा) आणि 'संतमस' ही नावे अनुक्रमे या ताऱ्याला व ग्रहाला अधिकृतपणे दिली. ताऱ्याचे नाव भारतीय भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ आहे, तर ग्रहाचे नाव पुण्यातील एका शालेय विद्यार्थ्याने सुचवले होते.

थोडक्यात माहिती

- मूळ तारा: विभा (एचडी ८६०८१)
- तारकासमूह: षडंश
- पृथ्वीपासून अंतर: सुमारे ३४० प्रकाशवर्षे
- शोध जाहीर: २००६, एन-टू-के प्रकल्प
- शोधपद्धती: डॉप्लर पद्धत (ताऱ्याच्या दृष्टिरेषेतील वेगाचे मापन)
- किमान वस्तुमान: गुरूच्या सुमारे १.५ पट
- परिभ्रमणकाळ: २.१३७५ दिवस
- ताऱ्यापासून सरासरी अंतर: सुमारे ०.०३५ खगोलीय एकक (अंदाजे ५२ लाख किमी)

मूळ तारा

विभा हा सूर्यासारखाच, परंतु सूर्यापेक्षा किंचित उष्ण, जड आणि तेजस्वी तारा आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.२ पट आणि पृष्ठभागाचे तापमान सुमारे ६,००० केल्व्हिन आहे. हेन्री ड्रेपर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारासूचीत त्याचा क्रमांक ८६०८१ असल्याने त्याला एचडी ८६०८१ असे संबोधले जाते. एखाद्या ताऱ्याभोवती सापडलेल्या पहिल्या ग्रहाच्या नावापुढे 'बी' हे अक्षर जोडण्याची प्रथा आहे ('ए' हे अक्षर ताऱ्यासाठी राखलेले असते). त्यानुसार या ग्रहाला एचडी ८६०८१ बी हे शास्त्रीय नाव मिळाले.

या ताऱ्याची दृश्यप्रत सुमारे ८.७ आहे. नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या आकाशात साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात. त्यामुळे विभा पाहण्यासाठी दुर्बीण आवश्यक आहे.

शोध

१९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या स्विस शास्त्रज्ञांनी '५१ पेगासी' या ताऱ्याभोवती ४.२ दिवसांत फिरणारा वायुग्रह शोधला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिलाच बाह्यग्रह होता. या शोधासाठी दोघांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्यानंतरच्या दशकात असे आणखी ग्रह शोधण्यासाठी अनेक सर्वेक्षणे सुरू झाली. 'पुढचे दोन हजार तारे' या अर्थाच्या इंग्रजी नावावरून ओळखला जाणारा एन-टू-के प्रकल्प हे त्यांपैकीच एक होय. हायड्रोजन व हेलियमहून जड मूलद्रव्ये ज्या ताऱ्यांमध्ये अधिक असतात, त्यांच्याभोवती महाकाय ग्रह सापडण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे या प्रकल्पात अशा ताऱ्यांवर भर देण्यात आला. प्रत्येक ताऱ्याची थोडक्या वेळात मोजकी निरीक्षणे घ्यायची आणि वेगात फरक आढळलेल्या ताऱ्यांकडेच पुन्हा वळायचे, अशी त्याची कार्यपद्धती होती.

जॉन ए. जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील मौना केआ शिखरावरच्या १० मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने एचडी ८६०८१ ची निरीक्षणे घेतली. २००६ साली 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात एचडी ३३२८३, एचडी ८६०८१ आणि एचडी २२४६९३ या तीन ताऱ्यांभोवतीच्या एकेका नव्या ग्रहाची माहिती होती. त्यांपैकी एचडी ८६०८१ बी हा सर्वांत जड आणि सर्वांत कमी परिभ्रमणकाळाचा ग्रह होता.

डॉप्लर पद्धत

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तारा आणि ग्रह हे दोघेही आपल्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. तारा कितीतरी जड असल्याने त्याची कक्षा अगदी लहान असते, पण तोही हलतो. तारा आपल्याकडे येत असताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला सरकतात आणि दूर जात असताना तांबड्या बाजूला. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर चढा आणि दूर जाणाऱ्या गाडीचा उतरता ऐकू येतो, त्यामागेही हेच डॉप्लर तत्त्व आहे.

विभा ताऱ्याचा दृष्टिरेषेतील वेग दर २.१४ दिवसांच्या आवर्तनात सेकंदाला सुमारे २०८ मीटरने कमी-जास्त होतो. तुलनेसाठी, गुरूमुळे सूर्याच्या वेगात पडणारा फरक सेकंदाला सुमारे १२.५ मीटर इतकाच आहे. तरीही २०८ मीटर प्रतिसेकंद वेगामुळे प्रकाशाच्या तरंगलांबीत होणारा बदल सुमारे साडेचौदा लाखांत एक भाग एवढा सूक्ष्म असतो. तो मोजण्यासाठी ताऱ्याचा प्रकाश वर्णपटमापकात जाण्यापूर्वी आयोडीनच्या वाफेने भरलेल्या काचेच्या कुपीतून नेला जातो. आयोडीनच्या असंख्य बारीक रेषा ताऱ्याच्या वर्णपटावर उमटतात आणि मोजपट्टीवरील खुणांप्रमाणे उपयोगी पडतात.

या पद्धतीत पूर्वी प्रत्येक ताऱ्याचा आयोडीनविरहित, उत्तम दर्जाचा एक स्वतंत्र नमुना-वर्णपट आधी घ्यावा लागे. त्यात दुर्बिणीचा मौल्यवान वेळ खर्च होई. जॉन्सन यांच्या गटाने त्यावर उपाय काढला. तशाच दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचा उपलब्ध नमुना घेऊन त्यात गणिताने टप्प्याटप्प्याने बदल करायचे आणि तो लक्ष्य ताऱ्याच्या निरीक्षणाशी जुळवून घ्यायचा, अशी ही रीत होती. तिने अल्पकाळात सेकंदाला ३ मीटरपर्यंतची अचूकता मिळाली. एचडी ८६०८१ बी हा या सुधारित रीतीने सापडलेल्या पहिल्या तीन ग्रहांपैकी एक आहे.

अधिक्रमणाचा शोध

ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेच्या पातळीत असेल, तर प्रत्येक फेरीत ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून जातो आणि ताऱ्याचे तेज किंचित घटते. याला अधिक्रमण म्हणतात. अधिक्रमणातून ग्रहाची त्रिज्या समजते आणि त्रिज्या व वस्तुमान यांवरून घनता काढता येते. संतमस ताऱ्याच्या फार जवळ असल्याने त्याचे अधिक्रमण दिसण्याची शक्यता १७.६ टक्के होती. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील फेअरबॉर्न वेधशाळेच्या स्वयंचलित दुर्बिणींनी ताऱ्याच्या तेजाचे मापन केले, परंतु अधिक्रमण आढळले नाही.

या नकारात्मक निष्कर्षाचाही उपयोग झाला. ताऱ्याच्या तेजात २.१४ दिवसांचे कोणतेही आवर्तन नसल्याने वेगातील फरक ताऱ्यावरील डागांमुळे किंवा त्याच्या स्पंदनामुळे नसून ग्रहामुळेच आहे, या अनुमानाला बळकटी मिळाली.

वैशिष्ट्ये

वस्तुमान

डॉप्लर पद्धतीने ताऱ्याच्या हालचालीचा केवळ आपल्याकडे येणारा वा आपल्यापासून दूर जाणारा भाग मोजता येतो. कक्षा दृष्टिरेषेला किती कललेली आहे, हे त्यातून कळत नाही. म्हणून १.५ गुरू-वस्तुमान हा संतमसच्या वस्तुमानाचा किमान आकडा आहे. कक्षेचे प्रतल दृष्टिरेषेशी ४५ अंशांनी कललेले असल्यास प्रत्यक्ष वस्तुमान गुरूच्या सुमारे २.१ पट ठरेल, तर ६० अंशांनी कललेले असल्यास ते ३ पट होईल. अधिक्रमण होत नाही यावरून हा कल अंदाजे १० अंशांहून अधिक असला पाहिजे, एवढे निश्चित होते. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट आहे. त्या हिशेबाने संतमस पृथ्वीपेक्षा किमान पावणेपाचशे पट जड आहे.

कक्षा

संतमस आपल्या ताऱ्यापासून सुमारे ५२ लाख किमी अंतरावर आहे. सूर्य आणि बुध यांच्यातील सरासरी अंतर याच्या सुमारे ११ पट आहे. ग्रहाची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असून तो सेकंदाला सुमारे १७५ किमी वेगाने फिरतो. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किमी आहे. पृथ्वीवर एक वर्ष पूर्ण होते तेवढ्या काळात संतमसवर सुमारे १७१ 'वर्षे' उलटतात.

शोध लागला त्या वेळी या परिभ्रमणकाळाला विशेष महत्त्व होते. डॉप्लर पद्धतीने तोपर्यंत सापडलेल्या तप्त गुरूंचे परिभ्रमणकाळ सुमारे तीन दिवसांच्या आसपास एकवटलेले दिसत होते. दुसरीकडे, अधिक्रमणाच्या पद्धतीने ग्रह शोधणाऱ्या 'ओगल' या सर्वेक्षणात त्याहूनही खूपच कमी काळात फिरणारे ग्रह सापडले होते. हे दोन वेगवेगळे वर्ग आहेत की एकाच वर्गाची दोन टोके, हा प्रश्न होता. २.१४ दिवसांचा संतमस या दोन गटांमधील रिकाम्या जागेत बसला आणि त्याने दोहोंना जोडणारा दुवा पुरवला.

तापमान व वातावरण

पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे, त्याच्या सुमारे २९ व्या हिश्श्याइतक्या अंतरावर संतमस आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उष्णता वाढत असल्याने केवळ जवळिकीमुळेच त्यावर पडणारी ऊर्जा ८०० पटींहून अधिक होते. शिवाय विभा सूर्यापेक्षा तेजस्वी आहे. या गणितानुसार ग्रहाचे तापमान दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावे. इतक्या तापमानाला सिलिकेटसारखी खनिजेही वायुरूपात जाऊ शकतात आणि वातावरणाच्या तुलनेने थंड थरांत त्यांचे कण गोठून ढग तयार होऊ शकतात.

परंतु संतमसच्या वातावरणाचे प्रत्यक्ष स्वरूप अधिक्रमणाच्या मार्गाने तपासता येत नाही. अधिक्रमण करणाऱ्या ग्रहांच्या बाबतीत ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो आणि त्यातून वायूंची ओळख पटते. संतमसबाबत ही सोय नाही. त्यामुळे त्याच्या नावातून सूचित होणारी ढगाळ हवा हे सध्या सैद्धांतिक अनुमान आहे.

बाह्य सोबती

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, केक दुर्बिणीच्या दीर्घकालीन निरीक्षणांवर आधारित अभ्यासात या ताऱ्याच्या वेगात २.१४ दिवसांच्या आवर्तनाखेरीज वर्षानुवर्षे एकाच दिशेने होणारा सावकाश बदल आढळला. ताऱ्यापासून बऱ्याच दूरच्या कक्षेत आणखी एखादी वस्तू फिरत असण्याची शक्यता त्यातून सूचित होते.

उत्पत्तीचा प्रश्न

महाकाय वायुग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ कसे पोहोचतात, हा खगोलशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रचलित सिद्धांतानुसार असे ग्रह ताऱ्यापासून दूर, जेथे पाणी बर्फरूपात टिकते अशा थंड प्रदेशात तयार होतात. तेथून आत येण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग सुचवले जातात. पहिल्या मार्गात, ताऱ्याभोवतीच्या वायू व धुळीच्या चकतीशी होणाऱ्या गुरुत्वीय आंतरक्रियेमुळे ग्रह हळूहळू आत सरकतो. दुसऱ्या मार्गात, एखाद्या दूरच्या सोबत्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे ग्रहाची कक्षा अतिशय लांबट होते. ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळून जाऊ लागतो आणि भरती-ओहोटी घडवणाऱ्या बलांमुळे त्याची कक्षा आकुंचन पावून अखेरीस वर्तुळाकार बनते.

संतमसची वर्तुळाकार कक्षा दोन्ही मार्गांशी सुसंगत आहे. बाह्य सोबत्याची खूण मिळाल्याने दुसऱ्या मार्गाचाही विचार करावा लागतो, परंतु एवढ्यावरून निर्णय देता येत नाही.

नामकरण

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ साली प्रत्येक सहभागी देशाला एक तारा व त्याभोवतीचा एक ग्रह यांना नावे सुचवण्याची संधी देण्यात आली. त्या त्या देशातून दिसणारा आणि लहान दुर्बिणीच्या आवाक्यातला तारा त्यासाठी निवडला गेला. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ आला. देशातील उपक्रम ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या जनसंपर्क व शिक्षण समितीने राबवला. नागरिकांकडून नावे मागवून त्यांतील निवडक नावांवर मतदान घेण्यात आले. १७ डिसेंबर २०१९ रोजी ११२ देशांची नावे जाहीर झाली. जगभरातून ७ लाख ८० हजारांहून अधिक लोकांनी या उपक्रमात भाग घेतला होता.

ताऱ्याचे नाव सुरतच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने सुचवले. ग्रहाचे नाव सुचवणारा पुण्याचा शालेय विद्यार्थी त्या वेळी १३ वर्षांचा होता. 'विभा' या संस्कृत शब्दाचा अर्थ तेज किंवा प्रकाशझोत असा आहे आणि बंगाली उच्चारात त्याचे 'बिभा' होते. आंतरराष्ट्रीय संघाच्या नोंदीत 'संतमस' या शब्दाचा अर्थ 'ढगांनी झाकोळलेला' असा देऊन तो ग्रहाच्या वातावरणाशी जोडला आहे. संस्कृत कोशपरंपरेत मात्र हा शब्द चहूकडे पसरलेल्या अंधारासाठी येतो. अमरकोशात अंधतमस व अवतमस या शब्दांसोबत अंधाराची एक छटा म्हणून त्याची नोंद आहे. प्रकाश देणारा तारा आणि स्वतःचा दृश्य प्रकाश नसलेला ग्रह या जोडीला ही दोन्ही नावे साजेशी आहेत.

बिभा चौधरी

बिभा चौधरी (१९१३–१९९१) यांनी कलकत्ता विद्यापीठातून १९३६ साली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. त्यानंतर देबेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंग व संदकफू यांसारख्या उंच ठिकाणी छायाचित्रणाच्या काचा ठेवून विश्वकिरणांचे माग नोंदवले. त्यांवरून इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या दरम्यान वस्तुमान असलेल्या कणांचा, म्हणजे मेसॉनचा, अभ्यास करून त्यांनी १९४१–४२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केले. महायुद्धामुळे अधिक संवेदनशील काचा मिळू न शकल्याने हे काम थांबले. पुढे सेसिल पॉवेल यांनी सुधारित काचा वापरून याच मार्गाने पाय-मेसॉनचा शोध लावला आणि त्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान चौधरी यांनी मँचेस्टर येथे पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटसाठी संशोधन केले. १९४९ साली होमी भाभा यांनी त्यांची मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नियुक्ती केली. त्या या संस्थेतील पहिल्या महिला संशोधक होत. पुढे त्यांनी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आणि कोलार सुवर्णखाणीतील प्रयोगांतही काम केले. हयातीत त्यांना मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही. २०१८ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ताऱ्याला त्यांचे नाव मिळाले.

महाराष्ट्रातून निरीक्षण

संतमस ग्रह कोणत्याही दुर्बिणीतून स्वतंत्रपणे दिसत नाही. त्याचा तारा मात्र लहान दुर्बिणीतून पाहता येतो. विभा खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ४ अंश दक्षिणेस असल्याने महाराष्ट्रातून तो आकाशात चांगल्या उंचीवर येतो. हिंगोली जिल्ह्यातून (अक्षांश सुमारे १९.७ अंश उत्तर) पाहिल्यास मध्यमंडळावर असताना तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंचीवर असतो. फेब्रुवारी ते मे हा काळ निरीक्षणास अनुकूल आहे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊच्या सुमारास तो मध्यमंडळावर येतो.

सिंह राशीतील मघा आणि वासुकी तारकासमूहातील सर्वांत तेजस्वी तारा अल्फार्ड यांच्या मधल्या प्रदेशात तो शोधावा. मघेपासून तो सुमारे १६ अंश दक्षिणेस आणि अल्फार्डपासून सुमारे साडेआठ अंश ईशान्येस आहे. षडंश हा मंद ताऱ्यांचा समूह असल्याने नकाशाची मदत घ्यावी लागते आणि शहरी दिव्यांपासून दूरचे आकाश उपयुक्त ठरते.

भारतातील संबंधित संशोधन

भारतात बाह्यग्रहांचा शोध प्रामुख्याने अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने राजस्थानातील माउंट अबू येथील गुरुशिखरावरून घेतला आहे. तेथील १.२ मीटर दुर्बिणीवरील 'पारस' या वर्णपटमापकाच्या साहाय्याने २०१८ मध्ये के-टू-२३६ बी, २०२१ मध्ये टीओआय-१७८९ बी आणि २०२३ मध्ये टीओआय-४६०३ बी हे ग्रह जाहीर झाले. यांपैकी शेवटचा ग्रह गुरूच्या सुमारे १३ पट जड आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा वापर करून एचडी १८९७३३ बी यासारख्या तप्त गुरूंकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा शोध घेण्यात आला आहे.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. ४ किमी लांबीच्या दोन भुजा असलेला हा शोधक कृष्णविवरे व न्यूट्रॉन तारे यांच्या टकरींतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी आहे. ग्रह शोधणे हे त्याचे काम नाही. तथापि, जी वस्तू प्रत्यक्ष दिसत नाही तिचे अस्तित्व अतिसूक्ष्म मापनातून सिद्ध करणे हे सूत्र संतमसच्या शोधात आणि या प्रकल्पात समान आहे.

हेही पाहा

- बाह्यग्रह
- तप्त गुरू
- बिभा चौधरी
- षडंश (तारकासमूह)
- टाटा मूलभूत संशोधन संस्था
- लायगो-इंडिया